न्याहारी झाली का हो तुमची?

मैत्रिणींनो, आपल्याकडे सकाळी कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "चहा झाला का?" बारानंतर भेटलं तर "जेवण झालं का?" या दोन प्रश्नांच्या मधे जे पाच-सहा तास जातात त्यांची विचारपूस कुणी करत नाही. "न्याहारी झाली का?" हे साताऱ्या-सांगलीच्या खेड्यांतून अजून ऐकू येतं, आमच्या सांगली-मिरजेत मात्र ते जवळजवळ बंद पडलं. नाश्ता आहे, नाही असं नाही. पण तो पाहुण्यांसाठी, नाहीतर रविवारसाठी. एरवी चहा, त्यात बुडवलेली खारी किंवा टोस्ट, आणि जो तो आपापल्या वाटेला.

इंग्रजीतला ब्रेकफास्ट म्हणजे उपास मोडणं. शब्द परका असला तरी अर्थ अगदी चोख आहे. रात्री साडेआठला जेवलेली मुलगी सकाळच्या शाळेत मधल्या सुट्टीत सव्वादहाला डबा उघडते, म्हणजे पावणेचौदा तास झाले की हो! आपण एकादशीलासुद्धा साबुदाण्याच्या खिचडीवाचून इतका वेळ काढत नाही.

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. दोन्ही जिल्हे शेजारी, कृष्णा नदी एकच, पण सकाळच्या ताटात फरक आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-जावळीकडे, भात आणि नाचणी. माझी आजी त्या बाजूची. तिच्याकडे सकाळी नाचणीची आंबील असायची, ताक घालून, वरून जरा लसूण ठेचून. पूर्वेला माण-खटाव म्हणजे ज्वारी-बाजरीचा मुलूख. तिथे भाकरी, ठेचा, आणि शेंगदाण्याचा म्हाद्या. सांगलीतही तेच, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे दुष्काळी तालुके शाळूवर जगलेले. रब्बीच्या ज्वारीला इकडे शाळू म्हणतात, आणि शाळूच्या भाकरीची चव लागलेल्या माणसाला दुसरी ज्वारी घशाखाली उतरत नाही. माझ्या सासूबाई आटपाडीकडच्या. त्या अजून रात्रीची एक भाकरी टोपलीत मुद्दाम राखून ठेवतात. सकाळी ती दुधात कुस्करायची, नाहीतर कांदा-मिरचीवर फोडणी द्यायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, उरली म्हणून खातात. तसं नव्हतं. ती उरलेली नव्हती, राखलेली होती. (उन्हाळ्यात मात्र वास पाहूनच बरं का. थंडीतल्या भाकरीचा भरवसा मे महिन्यातल्या भाकरीला नाही.)

आता या न्याहारीचा जरा हिशेब मांडू या. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाण्यात २५च्या आसपास. म्हणजे मूठभर शेंगदाणे खाल्ले की एका अंड्याइतकी प्रथिनं पोटात गेली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात त्याच्या निम्मंही नसतं. आणि खारीत काय आहे? मैदा आणि डालडा. टोस्टमधे मैदा आणि साखर. वरून चहातली साखर वेगळीच. तास-दीड तास तरतरी येते, मग पोटात कालवाकालव सुरू होते. पुस्तकात वाचायला नको, वर्गात उभं राहिलं की दिसतं.

२०२३ हे वर्ष भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, भारताच्याच प्रस्तावावरून. ज्वारी-बाजरी-नाचणीचे गोडवे गायले गेले, पाकक्रियांच्या स्पर्धा झाल्या, नाचणीचा केक झाला, ज्वारीचा पिझ्झा झाला. सासूबाई पेपर वाचून म्हणाल्या, "आगं, भाकरीच करा म्हणावं." आमच्या पिढीची गंमतच आहे. १९९४ साली मक्याचे कुरकुरीत पोहे, कॉर्नफ्लेक्स हो, मोठ्या थाटात भारतात विकायला आले. ते थंड दुधात खायचे. आपल्या घरात दूध तापवलेलं. त्यात पडताच त्यांचा लगदा! आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. मिळोत बापडे. पण तो डबा घरात आला म्हणजे न्याहारीचा प्रश्न सुटला, असं समजणारी मंडळी पाहिली की मला हसू येतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे वळते.

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. आठवी-नववीचे वर्ग, सकाळचं सत्र. चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी भरवू नये, असं सरकारनं २०२४ मधे ठरवलं. मोठ्या मुलांना ती सवलत नाही. आमच्या वर्गात बाहेरगावाहून येणाऱ्या मुली बऱ्याच. एसटीचा मोफत पास आहे, म्हणून शिक्षण सुटत नाही, ही फार चांगली गोष्ट. पण सहाची गाडी गाठायची म्हणजे पाचला उठणं आलं, आणि पाच ते सहात पाणी भरणं, वेणी-फणी, दप्तर. खायला वेळ कुठला? घोटभर चहा घेऊन पळत सुटतात. पहिल्या तासाला चुणचुणीत असलेली मुलगी तिसऱ्या तासाला भिंतीला डोकं टेकून बसते. विचारलं तर म्हणते, "काही नाही बाई."

आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते. शालेय पोषण आहार ही केंद्राची योजना १९९५ साली सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मधे सांगितलं की नुसतं धान्य वाटू नका, शिजवलेलं द्या. फार मोठं काम झालं त्यानं. पण आठवी संपली की खिचडीही संपली. नववी-दहावीच्या मुलीनं काय करायचं? अंगावर मांस धरण्याचं, पाळी सुरू होऊन रक्त कमी पडण्याचं वय नेमकं हेच.

रक्ताचा विषय निघालाच आहे तर आकडा सांगते. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी शेकडा ५४ जणींना रक्तक्षय निघाला. त्याच्या आधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे घरात गॅस आला, मिक्सर आला, आणि रक्त कमी झालं. पाच वर्षांखालच्या मुलांची गत आणखी वाईट, शेकडा जवळजवळ ६९. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त वेगळं थोडंच मोजायचं!

यावर सरकारचा एक चांगला उपाय शाळेत असतो: आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी. आमच्याकडे ती सोमवारी, हजेरी झाली की लगेच वाटत. मी पाहत होते, निम्म्या मुली गोळी तोंडात धरून बाहेर जायच्या आणि परत यायच्या त्या तोंड पुसत. एकीला जवळ घेऊन विचारलं. नववीतली, हडकुळी, अक्षर मोत्यासारखं. म्हणाली, "बाई, मळमळतं. मागच्या सोमवारी गाडीत उलटी झाली, सगळे हसले." सकाळी काय खाल्लं होतंस? काही नाही. रिकाम्या पोटी लोहाची गोळी घेतली तर मळमळणारच! ती जेवणानंतर द्यायची असते, तसं योजनेतच आहे. पण वेळापत्रकाच्या घाईत ते राहून जातं. आणि मग गोळी मोरीत, रक्त आहे तिथंच.

आता "न्याहारी केली नाही तर मूल ढ होतं" असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. न्याहारी न करणारी हुशार माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण जमैका बेटावरच्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला, तो मला पटतो. त्यात दिसलं, की अंगानं भरलेल्या मुलांचं एक दिवस न्याहारीवाचून फारसं अडलं नाही. पण जी मुलं मुळात कुपोषित होती, त्यांची बुद्धी त्या सकाळी मागे पडली. म्हणजे जिच्या घरी रात्रीही अर्धंच जेवण होतं, तिलाच सकाळची भाकरी चुकवणं परवडत नाही. माझ्या नववीतल्या त्या मुलीला परवडत नाही.

नंतर पालक सभा होती. मला शुद्धलेखनावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाचं बोलून झालं, आणि समोर सगळ्या आयाच बसल्या होत्या म्हणून मी विचारलं, "आज सकाळपासून तुम्ही काय काय खाल्लंत?" आधी हशा पिकला. एकीनं सांगितलं, चहा. दुसरीनंही चहा. "आणि मग?" तर म्हणे, "मुलं गेल्यावर परत एकदा चहा." साडेअकरा वाजले होते. चाळीसेक बायकांत पोळी-भाकरी खाऊन आलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. उपास कुणाचाच नव्हता. "आवरलंच नाही", "अंघोळ-पूजा झाल्याशिवाय कसं खायचं", "सगळ्यांचं झाल्यावर एकदमच जेवते" अशी उत्तरं आली. हसणं हळूहळू थांबलं.

मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, द्राक्षबागेत रोजंदारीनं जाणाऱ्या. त्या दिवशी खाडा करून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, आमचं तसं न्हाई. आमी धाला न्याहारीला बसतो. समद्या टोळीनं गोल करून. एकीची चटणी, एकीचं कोरड्यास. अर्धा तास मग मालक येऊ दे न्हाई तर आणखी कोण, कुणी उठत न्हाई."

मला ते ऐकून चर्र झालं. सबंध सभेत ठरलेल्या वेळेला पोटभर न्याहारी करणारी बाई निघाली ती मजुरी करणारी. कारण तिच्या कामाला सुट्टी आहे. घरातल्या बाईच्या कामाला सुट्टीच नाही, मग न्याहारीची वेळ येणार कुठून? आणि मुली काय पाहतात? आई सकाळी खात नाही, हेच पाहतात. मुलगा "भूक लागली" म्हणून आरडाओरडा करून खातो; मुलगी चौदा वर्षांची झाली की आईसारखी चहा पिऊन निघते. पुन्हा त्याचं कौतुक, "आमच्या हिला खायचं कौतुक नाही हो." त्या बागेतल्या बाईंची मुलगी भाकरी खाऊनच येते, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

घरी येऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या कांदा चिरत होत्या, हात थांबला. १९७२च्या दुष्काळात त्या लहान होत्या. आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची. कामावरच्या माणसांना सुकडी वाटत. ती खाऊन माणसांनी काम करायचं. "आमची आय निम्मी सुकडी पदरात बांधून आणायची," त्या म्हणाल्या. "आम्ही चौघं वाटंला डोळं लावून बसायचो. तिनं काय खाल्लं, कधी इचारलंच न्हाई." एवढं बोलून त्यांनी कांदा पुन्हा चिरायला घेतला.

पोट आणि शाळा हा विषय निघाला की साताऱ्याच्या माणसाला लक्ष्मीबाई पाटील आठवतातच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मधे साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मधे त्याला गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीला बसत. या मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. जयंतीच्या भाषणांत आम्ही त्यांच्या त्यागाबद्दल बोलतो. मला त्यातली धान्याची गोष्ट जास्त मोलाची वाटते. मुलाला शिकवायचं तर आधी खाऊ घालावं लागतं, हे त्या बाईंनी कुठल्याही योजनेच्या आधी ओळखलं होतं. आता तमिळनाडूत २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी देऊ लागले, उपमा, पोंगल वगैरे. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सकाळच्या पौष्टिक न्याहारीचा उल्लेख आहे. गरम अन्न शक्य नसेल तिथे शेंगदाणे किंवा चणे गुळाबरोबर द्या, असं त्यात चक्क लिहिलं आहे. आजीचा खाऊ सरकारी कागदावर गेला म्हणायचा! पण कागदावरचा गूळ नववीच्या वर्गात कधी येईल त्याची वाट पाहत बसलं तर मुली दहावी होऊन जायच्या.

तेव्हा घरातलं आपण पाहू. आमच्याकडे काय चालतं ते सांगते, तुमच्याकडे याहून चांगलं असेल. सकाळच्या घाईवर उपाय सकाळी सापडत नाही, तो आदल्या रात्री असतो. जेवणं झाली की मटकी नाहीतर हरभरे भिजत पडतात. दर दोन महिन्यांनी भाजणी होते: ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे-जिरे. डबा भरलेला असला की थालीपीठ दहा मिनिटांचं काम. पोहे केले तर त्यात शेंगदाणे हात सैल सोडून आणि वरून लिंबू पिळायचंच. लिंबू चवीसाठी म्हणून नव्हे. आंबटातल्या सी जीवनसत्त्वानं धान्यातलं लोह अंगाला लागतं. थंडीत पेरूची फोड तेच काम करते. आणि चहा? तो अगदी उलटं करतो. जेवणाबरोबर चहा घेतला की लोह अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मधे आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही खाण्याच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको असं सांगितलं आहे. चहा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, सांगलीत राहायचंय मला. उठल्याबरोबर घ्या, मग तासाभरानं न्याहारी. पोहे आणि चहा अशी जी जोडी आपण लावून दिली आहे, ती तेवढी मोडली तरी पुष्कळ.

पाचला उठणाऱ्या मुलीला साडेपाचला थालीपीठ खाववत नाही, हे मलाही मान्य आहे. इतक्या सकाळी घास फिरतो. तिला अर्धी भाकरी दुधात कुस्करून द्या, ती पटकन जाते. तेही नको असेल तर शेंगदाण्याचा लाडू हातात द्या, गाडीत खाईल. घरात कुणाला साखरेचा विकार असेल आणि सकाळची गोळी चालू असेल, तर तिथे हयगय नको. काही गोळ्या घेऊन वर खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो. आमच्या शेजारच्या काकूंना पूजेच्या मधेच असं झालं होतं. आता त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे देव न्याहारीनंतर, आणि देवानं अजून तरी तक्रार केलेली नाही.

पंक्तीचं मात्र मी घरात हट्टानं बदललं. सगळ्यांचं झाल्यावर मी, हे बंद. शाळेचा दिवस असला की सहाला मी आणि थोरली बरोबर बसतो. पंधरा मिनिटं कुणी हाक मारली तरी उठायचं नाही, बागेतल्या बाईंचा नियम. यांनी पहिल्या आठवड्यात दोनदा "अगं, माझा रुमाल कुठे आहे?" विचारलं. तिसऱ्या आठवड्यापासून रुमाल आपोआप सापडायला लागला. सासूबाईंना पूजेआधी खायचं जड जातं, त्यांचं वय आणि त्यांचा नेम, मी बोलत नाही. त्या दुधाचा पेला तेवढा घेतात.

शाळेत हेडबाईंशी बोलणं झालं. सोमवारची निळी गोळी आता मधल्या सुट्टीनंतर वाटतात, डबा खाऊन झाल्यावर. मोरीत जाणाऱ्या गोळ्या पुष्कळ कमी झाल्या. नववीतली ती मुलगी गोळी घेते, अजून तोंड वाकडं करते, पण गिळते. डबा न आणणाऱ्या चार-पाच जणी आहेतच. त्यांच्यासाठी आम्ही तिघी शिक्षिकांनी कपाटात गूळ-शेंगदाण्याचा डबा ठेवला आहे. वर्गासमोर द्यायचा नाही, वह्या आणायला म्हणून एकेकीला बोलवायचं. शेंगदाणे आमच्या वनसं गावाकडून पाठवतात, भाजायची पाळी या आठवड्यात माझी आहे.